तोंडी हरकत

त्या रविवारी चर्चमधल्या उपासनेत पाळकसाहेबांनी जिभेवर उपदेश केला. तो माझ्या जिभेला उद्देशून नव्हता, असं मी आजही मानतो. बायकोचं मत वेगळं आहे. आमच्या बाकावरच्या, पुढच्या बाकावरच्या आणि पार पेटीपाशी बसलेल्या मंडळींचं मतही बायकोसारखंच होतं, हे मला मागाहून कळलं.

उपदेश फार सुंदर होता. शास्त्रात म्हटलंय की प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते. फाडायची एक, शिवायची एक, तशी गप्प बसायची एक आणि बोलायची एक. मूर्ख माणूससुद्धा तोंड मिटून बसला तर लोक त्याला शहाण्यांत मोजतात, हेही त्यांनी सांगितलं. मला ते इतकं पटलं की मी लगेच बायकोच्या कानाशी लागून म्हटलं, "अगदी आपल्या इमारतीच्या अध्यक्षांवर बेतलंय." आता कुजबूज ती कुजबूजच. पण माझ्या कुजबुजीला इतर लोक घोषणा म्हणतात, असा एक जुना अपप्रचार आहे. पाळकसाहेब क्षणभर थांबले, चष्मा सारखा केला, आणि जिभेविषयीचा तोच मुद्दा पुन्हा एकदा सांगितला.

उपासना संपल्यावर मी दारात त्यांचा हात धरून उपदेश किती आवडला ते सांगू लागलो. सांगता सांगता माझा एक अनुभव आठवला, त्या अनुभवावरून दुसरा. माझ्या मागे रांग लागली होती. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसले. शेवटी पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बंधू, येत्या रविवारपर्यंत जरा करून बघा ना."

"काय करून बघू?"

"हेच. मी जे सांगितलं ते."

"एवढंच ना? आजपासून पुढच्या रविवारपर्यंत मौन. कडकडीत!"

त्यावर बायको हसली. ती शाळेत गणित शिकवते. तिचं हसणंही उत्तर बरोबर आल्यासारखं नेमकं असतं. त्या हसण्यानेच मला पुरतं पेटवलं. "हसू नकोस," मी म्हणालो. हे माझे त्या आठवड्यातले शेवटचे शब्द ठरायचे होते. इतिहासात नोंद व्हावी असे ते नव्हते, पण ते परत घेऊन दुसरे बोलायची सोय उरली नव्हती.

मौन म्हणजे नुसतं तोंड मिटणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी पाळलेलं नाही. तोंड मिटलं की बोलणं आत साचतं. सोमवारी सकाळी चहात साखर नव्हती. एरवी मी चार वाक्यं बोललो असतो आणि विषय मिटला असता. आता ती चार वाक्यं दुपारपर्यंत माझ्या पोटात फिरत होती. अगदीच अडलं तर चिठ्ठी लिहायची, अशी सवलत मी स्वतःला दिली होती. पण माझं अक्षर वाचता येतं ते फक्त कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला. मी 'साखर' लिहिलं, ते बायकोने 'सासरे' वाचलं आणि तिच्या वडिलांना फोन लावला. ते बिचारे घाबरून "काय झालं, काय झालं?" करत राहिले आणि मी हातवारे करत राहिलो. फोनवर हातवारे दिसत नाहीत, हे ध्यानात यायला मला वेळ लागला.

कचेरीत मात्र चमत्कार झाला. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसतो. एरवी कुणी "नळाला पाणी..." म्हणालं की मी "येत नाही, माहीत आहे, जलवाहिनीचं काम चालू आहे" असं म्हणून त्याचा आणि माझा वेळ वाचवतो. त्या दिवशी नुसती मान हलवत बसलो. लोक बोलत राहिले. पाण्यावरून शेजाऱ्यावर गेले, शेजाऱ्यावरून भावावर, आणि मग डोळे पुसून, "साहेब, तुम्ही ऐकून घेतलंत, बरं वाटलं," म्हणून निघून गेले. एक आजोबा तर तक्रारीचा क्रमांक न घेताच चालले होते. त्यांच्या मागे क्रमांकाची चिठ्ठी घेऊन मला रस्त्यापर्यंत धावावं लागलं, कारण बरं वाटल्याने नळाला पाणी येत नाही. हे साहेबांना कळलं नाही. त्यांनी खिडकीपाशी शांतता पाहिली आणि "असंच चालू ठेवा," म्हणून माझी पाठ थोपटली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझी पाठ पहिल्यांदा थोपटली गेली, ती मी काहीच न केल्याबद्दल. हा विचार दुखावणारा होता, पण तोही कुणाला सांगायची सोय नव्हती.

इमारतीत मात्र बातमी वेगळी पसरली. आमच्या वरच्या मजल्यावर एक मावशी राहतात. त्यांना सगळे भोंगा म्हणतात, पाठीमागे. त्या जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "काय भाऊजी, बरं आहे ना?" मी हसून मान डोलावली. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं, हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "दोन्ही हात वर करता येतात का?" मी करून दाखवले. "आता जीभ बाहेर काढा. सरळ येते का?" तेवढ्यात तळमजल्याचे भाडेकरू वर येत होते. त्यांना दिसलं ते इतकंच की जिन्यात मी दोन्ही हात वर करून मावशींना जीभ दाखवतोय.

संध्याकाळपर्यंत घरात माणसांची रीघ लागली. कुणी म्हणालं अंगावरून वारं गेलं, कुणी म्हणालं धक्का बसला. समोरच्या वहिनींनी बायकोला स्वयंपाकघरात नेऊन, "भांडण झालंय का? आमच्याकडेपण असंच असतं," असं दार लावून विचारलं. एकाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, दुसऱ्याने मीठ वर्ज्य सांगितलं, आणि दोघे माझ्या कोचावर बसून आपापसांत भांडले. बायको प्रत्येकाला सांगत होती, "अहो, त्यांनी मौन धरलंय." त्यावर प्रत्येक जण तिच्याकडे फार दयेने पाहून म्हणे, "ताई, आमच्यापासून लपवू नका."

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण बुधवारी इमारतीची सभा होती.

सभेचा विषय सांगण्याआधी टेलरमास्तरांविषयी सांगायला हवं. आमच्या जिन्याखाली तिरक्या छताची एक खोली आहे. तिच्यात मास्तर शिवणयंत्र टाकून बसतात. इमारत उभी राहिली तेव्हापासून बसतात. हात सोन्याचा, पण बोलताना शब्द अडकतो. एखादं अक्षर त्यांच्या ओठांवर दार लावून बसतं आणि मास्तर बाहेर उभे राहून ते ठोठावत राहतात. अशा वेळी शब्द पुरवणं हा मी परोपकार समजत आलो. एकदा ते "कं... कं..." म्हणाले, मी म्हटलं, "कंबर वाढलीय, माहीत आहे. सैल करा." त्यांना म्हणायचं होतं कंबरपट्टा नवा घ्या. ती पँट अजून कपाटात आहे. तिच्यात मी आणि आणखी एक गृहस्थ आरामात मावू.

तर अध्यक्षांना जिन्याखालची ती खोली हवी होती. आमच्या अध्यक्षांना इमारतीत 'ठराव' म्हणतात. ते निवृत्त अधिकारी आहेत आणि घरात भाजी कोणती करायची याचाही ठराव मांडतात असं त्यांच्या बायकोनेच सांगितलंय. पाणी वर चढवायचा नवा पंप घ्यायचा होता आणि तो बसवायला जिन्याखालची जागा सोयीची होती. त्यासाठी मास्तरांना उठवायचं आणि तशी परवानगी वॉर्ड ऑफिसकडून आणायची, असा ठराव होता. परवानगीचा अर्ज अध्यक्षांनी महिन्यापूर्वीच टाकला होता, त्याला सभेचा ठराव तेवढा जोडायचा राहिला होता.

मास्तर सभासद नाहीत, तरी सभेत एका कडेला उभे होते. अध्यक्षांनी ठराव वाचल्यावर ते पुढे झाले. "सा... साहेब, मला ती खोली न... न..."

"न सोडण्याबद्दल तुमचं म्हणणं आहे. समजलं," अध्यक्ष म्हणाले.

मास्तरांनी जोरात मान हलवली. "न... न..."

"भावना समजली म्हटलं ना! भावनांनी पंप बसत नाहीत. पुढे."

भोंगामावशी ताडकन उठल्या. "का सोडेल तो खोली? जीव गेला तरी सोडणार नाही! हो ना हो मास्तर?" मास्तरांनी कपाळाला हात लावला. मावशींनी तो होकार धरला. मग चार जण इकडून आणि चार जण तिकडून बोलू लागले, आणि ज्यांच्याविषयी बोलणं चाललं होतं ते मास्तर हळूहळू मागे सरकत भिंतीला जाऊन टेकले.

मला उठून बोलायचं होतं. पण बायको शेजारी बसली होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात रविवारचं ते हसू टपून बसलंय असा मला भास होत होता. मी चिठ्ठी लिहिली, 'माझा विरोध आहे.' ती हातोहात अध्यक्षांपर्यंत गेली. त्यांनी ती उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाले, "किराण्याची यादी चुकून इकडे आली वाटतं." आणि खिशात घातली.

मग त्यांनी विचारलं, "ठरावाला अनुमोदन कोण देतंय?"

मला ऐकू आलं ते "कुणाची हरकत?" कारण मी त्याच प्रश्नाची वाट पाहत होतो. मी ताडकन हात वर केला. पार उंच. शाळेतसुद्धा मी एवढा उंच हात कधी केला नव्हता.

"छान," अध्यक्ष म्हणाले. माझं नाव अनुमोदक म्हणून लिहिलं गेलं. मी दोन्ही हात हलवले. "दोन्ही हातांनी अनुमोदन!" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. एकाने टाळी वाजवली. सभा संपली.

भिंतीपाशी मास्तर माझ्याकडे पाहत होते. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्याला दाराच्या फटीतून प्रकाश दिसावा आणि कुणीतरी ते दार आतून लोटावं, तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. मग ते खोलीत गेले आणि यंत्र चालू झालं. बराच वेळ ते नुसतंच चालत होतं. कापड न घालता चालवलेल्या यंत्राचा आवाज वेगळा येतो.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायको काही बोलली नाही, आणि आमच्या घरात आम्ही दोघंही गप्प ही परिस्थिती इतकी नवी होती की मांजर येऊन आमच्याकडे बघून गेलं.

गुरुवारी अर्धी रजा टाकून मी वॉर्ड ऑफिसला गेलो. अनुमोदन मागे घ्यायचं, एवढंच काम. खिडकीवरच्या बाईंना मी चिठ्ठी दिली. ही मात्र मी आधी औषधवाल्याकडून सुवाच्य अक्षरात लिहून घेतली होती. बाईंनी ती वाचली आणि परत केली.

"लेखी हरकतीची मुदत संपली. उद्या सुनावणी आहे. आता हरकत तोंडी."

मी चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"अहो, तोंडी म्हणजे तोंडाने. लिहून आणलेलं चालत नाही. काय म्हणायचं ते उद्या साहेबांसमोर बोला."

मी तोंडाकडे बोट दाखवलं आणि हात हलवला. बाईंचा चेहरा मऊ झाला. "बोलता येत नाही होय? मग वैद्यकीय दाखला आणा. मुका असल्याचा. म्हणजे तुमच्या वतीने दुसरा माणूस बोलू शकेल."

दाखल्यासाठी मी डॉक्टरांकडे गेलो नाही, कारण काही गोष्टी अजून माझ्या प्रतिष्ठेत बसत नाहीत. पण डॉक्टर माझ्या घरी आले होते! भोंगामावशींनी पाठवलं होतं. मी दारातून आत शिरतो तोच ते म्हणाले, "या, बसा. म्हणा 'आ'."

मी तोंड उघडलं. 'आ' म्हटलं नाही.

"म्हणा ना, आ!"

आता 'आ' हा शब्द धरायचा की नुसता उच्चार, यावर मी विचार करत होतो. तोवर डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबली, आत विजेरी मारली आणि बायकोला गंभीरपणे म्हणाले, "यंत्रणा शाबूत आहे. बिघाड मालकात दिसतोय."

ते गेले आणि पाळकसाहेब आले. त्यांनाही बातमी कळली होती. दारातच त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले. "बंधू, हे काय ऐकतोय मी? असं अचानक कसं झालं?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. ते विसरले होते! मी ज्या मौनापायी सासऱ्यांना घाबरवलं, जिन्यात जीभ दाखवली, एका भल्या माणसाची जागा घालवली, ते मौन ज्यांनी सुचवलं ते साफ विसरले होते. वर त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, "प्रभू, तू या दासाची जीभ मोकळी कर..." मी हात सोडवून घ्यायला पाहिलं, त्यांना वाटलं मला झटका आलाय. त्यांनी आणखी घट्ट धरले.

शेवटी बायकोने त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. उपदेश, मौन, सभा, वर गेलेला हात, मास्तर. ऐकता ऐकता पाळकसाहेबांनी चष्मा काढला.

"अरे देवा," ते म्हणाले. "बंधू, मी म्हटलं होतं जरा करून बघा. जरा! रांग केवढी लागली होती, पाहिलंत ना? एक भाऊ पायरीवर बसले होते." मग ते चष्मा पुसू लागले. "चूक माझी आहे. उपदेश अर्धाच झाला. मला वाटलं, आपल्या मंडळीत गप्प बसणाऱ्यांची वानवा आहे, म्हणून तेवढंच लावून धरलं. पण शास्त्रात त्याच शहाण्या वचनांच्या शेवटी एका आईने आपल्या राजा झालेल्या लेकाला बजावलंय, ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. ते सांगायचं राहून गेलं."

मी बायकोकडे पाहिलं. रविवारचं हसू तिच्या तोंडावर कुठेच नव्हतं. खरं तर ते सोमवारपासूनच नव्हतं. मीच ते जवळ बाळगून होतो.

"अहो," ती म्हणाली, "मी हरले. मान्य. तुम्हाला गप्प बसता येतं. आता उद्या त्या माणसासाठी बोला."

शुक्रवारी सकाळी मी आरशासमोर उभा राहून भाषणाची तयारी केली. नुसते ओठ हलवून, कारण सुनावणीपर्यंत मौन राखायचा माझा निश्चय होता. जिवंतपणी माणसाला काहीतरी तत्त्व हवं. काय भाषण होतं ते! सुरुवात श्रमाच्या प्रतिष्ठेपासून होती. मध्ये एक खडा सवाल होता, तो विचारताना अध्यक्षांकडे बोट दाखवायचं होतं. शेवटी, "ही खोली म्हणजे या माणसाचा श्वास आहे. तो श्वास आम्ही कोंडू देणार नाही!" इथे माझे स्वतःचेच डोळे भरून आले. एवढ्या दिवसांचं तुंबलेलं सगळं त्या भाषणात उतरलं होतं.

मास्तरांना घेऊन मी वॉर्ड ऑफिसला पोचलो. सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, एक पंखा, कपाटावर बांधून ठेवलेल्या फायली. अध्यक्ष आधीच येऊन बसले होते, अंगात कोट. सुनावणीला ते कोट घालूनच जातात. टेबलामागचे अधिकारी थकलेले पण सभ्य वाटले.

"हरकतदार कोण?"

मी उभा राहिलो.

त्यांनी कागद पाहिला. "पण तुम्ही तर अनुमोदक आहात."

मी तोंड उघडलं. इतक्या दिवसांनी आवाज बाहेर यायचा होता. तो आला तो बिजागरीला तेल नसलेल्या दारासारखा. "साहेब, तो हात हरकतीचा होता!"

"हात हरकतीचा की अनुमोदनाचा हे हातावर लिहिलेलं नसतं," अध्यक्ष म्हणाले.

"ठीक आहे," अधिकारी म्हणाले. "हरकतदाराला दहा मिनिटं. बोला."

मी खाकरलो. एक पाय पुढे टाकला. श्रमाच्या प्रतिष्ठेवर सुरू करणार, एवढ्यात माझी बाही कुणीतरी ओढली. मास्तर होते. ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांचे ओठ कुठल्यातरी अक्षरापाशी थांबले होते.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. जिभेच्या टोकावर बसलं होतं, बूट घालून. ते गिळताना मला जे झालं ते सांगता येणार नाही. साखरेची चार वाक्यं त्यापुढे काहीच नव्हती.

"साहेब," मी म्हणालो, "माझ्या दहा मिनिटांत मी दुसऱ्याला बोलू दिलं तर चालतं का?"

"ते सभासद नाहीत," अध्यक्ष म्हणाले.

अधिकाऱ्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वेळ तुमचा आहे. तुम्ही गाणं म्हणा, नाहीतर गप्प बसा, नाहीतर त्यांना द्या. माझ्या नियमात काही लिहिलेलं नाही."

"मग मी तो यांना देतो. यांना वेळ लागेल. मध्ये कुणी शब्द पुरवायचे नाहीत. मीसुद्धा."

आणि मी खाली बसलो.

मास्तर उभे राहिले. "सा... साहेब. मला ती खोली न... न..."

मला माहीत होतं, 'न सोडता'. अध्यक्षांनी तोंड उघडलं, अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिटलं. पंखा फिरत होता. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. मास्तर त्या 'न'पाशी उभे होते, मान थोडी वर, डोळे मिटलेले. माझ्या डोक्यात 'न'चे शब्द रांग लावून ओरडत होते. न सोडण्याचा हक्क. नवी जागा परवडत नाही. नशीब. न्याय! 'न्याय' तर माझ्या ओठांपर्यंत आला होता. मी जीभ दातांत धरली.

"...न... नकोच आहे," मास्तर म्हणाले.

खोलीत एकदम काहीतरी थांबलं. मला वाटलं पंखाच.

"काय म्हणालात?" अधिकारी.

"नको आहे. ति... तिथे अंधार आहे. सुईत दोरा ओवताना आता दि... दिसत नाही. आणि छत तिरकं. गिऱ्हाइकाच्या डो... डोक्याला लागतं." त्यांनी श्वास घेतला. आता शब्द जरा बरे येऊ लागले होते. "फाटकापाशी राखणदाराची जुनी के... केबिन आहे. राखणदार नाही, नुसत्या मोडक्या खुर्च्या भरल्यात. तिला खिडकी आहे. मला ती द्या. पंप खु... खुशाल बसवा जिन्याखाली. मी हे अध्यक्षांना कितीदा सांगायला गेलो. यांनाही गेलो." त्यांनी माझ्याकडे हात केला, अगदी प्रेमाने. "सगळे म... मदत करतात. वाक्य पुरं करून देतात. मग मी प... परत जातो."

'ही खोली म्हणजे या माणसाचा श्वास आहे,' असं मी म्हणणार होतो. मी जोरात भाषण केलं असतं, कदाचित जिंकलोही असतो, आणि मास्तरांना त्या अंधारात जन्मभर कोंडून आलो असतो. टाळ्या घेऊन.

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "यांना खोली नको. तुम्हाला खोली हवी. मग वाद नेमका काय आहे?"

अध्यक्ष उठले, कोट खाली ओढला. "केबिनचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता."

अधिकारी नुसते त्यांच्याकडे पाहत राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. मौनाचा इतका योग्य वापर मी त्या आठवड्यात दुसरा पाहिला नाही.

"घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या सभेत घेऊ."

"आत्ताच घ्या. तुम्ही अध्यक्ष आहात, हे अनुमोदक आहेत. हातही वर करता येतो यांना."

मी हात वर केला. यावेळी तो कुठल्या बाजूचा आहे हे सगळ्यांना कळलं.

बाहेर आल्यावर तिघेही एकाच थांब्यावर उभे राहिलो, कारण तिघांना एकाच बसने जायचं होतं. अध्यक्ष आमच्यापासून दोन पावलं लांब, रस्त्याकडे तोंड करून. मला त्यांना बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी बोललो नाही, आणि यावेळी ते फारसं जड गेलं नाही.

बस आली. अध्यक्षांनी पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात मास्तर त्यांच्यामागून म्हणाले, "सा... साहेब, तु... तुमचा... तुमचा..."

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. "चढा पटकन!"

अध्यक्ष वळले. तोंडात शब्द आलेला मला स्पष्ट दिसला. 'तुमचा निर्णय मान्य आहे', असं काहीतरी असावं. त्यांनी तो शब्द आत ढकलला. पाय पायरीवरून काढला आणि खाली उतरले. घंटी वाजली, बस गेली. पुढची बस कधी येते हे त्या थांब्यावर कुणालाच ठाऊक नसतं. आम्ही तिघं फुटपाथवर उभे होतो. अध्यक्ष मास्तरांसमोर हात मागे बांधून उभे राहिले. आमच्या सभांमध्ये मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"सावकाश," ते म्हणाले.

"...तुमचा को... कोट मागून उसवलाय, अस्तर दिसतंय," मास्तर म्हणाले. "उद्या द्या माझ्याकडे. उ... उजेडात बसून शिवतो."